अण्णांच्या वर कोण?

"गजरा काढून ठेवा आधी," अण्णा म्हणाले, "मग काय इचारायचं ते इचारा."

मी गजरा काढून पर्समध्ये टाकला. सकाळचे साडेआठ वाजले होते. दूध संघाच्या डॉकवर गावोगावच्या गाड्यांमधून कॅन उतरत होते आणि तेवढ्या माणसांत वही घेऊन उभी असलेली मी एकटीच बाई होते. कॅन रोलरवरून पुढे यायचा, हमाल झाकण उघडायचा, अण्णा ते झाकण उलटं करून नाकाशी धरायचे. जेमतेम एक श्वास. मग हातातल्या वेताच्या काठीनं कॅनवर ठोका. एक ठोका म्हणजे दूध आत, टाकीत. दोन ठोके म्हणजे बाजूला. बाजूला गेलेलं दूध आलं त्या गाडीनं, आलं त्या गावाला परत जायचं.

"अण्णा, तुमच्या वर कोण?" मी विचारलं.

अण्णांनी मान वर केली. "पत्रा," ते म्हणाले आणि पुढच्या कॅनवर एक ठोका मारला.

हमाल खो खो हसले. मला काही हसू आलं नाही, कारण चार दिवस मी हाच प्रश्न घेऊन संघभर वणवण फिरत होते आणि एकाकडूनही धड उत्तर मिळालं नव्हतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आस्थापना विभागात लिपिक, म्हणजे कोण कधी लागला, कोणाची रजा किती उरली, कोणाची वेतनवाढ अडली, हे सगळं माझ्या कपाटात. आमचे नवे कार्यकारी संचालक आवटी साहेब यांनी संघाचा आकृतिबंध करायचं काम माझ्यावर टाकलं होतं. आकृतिबंध म्हणजे मोठा तक्ता. प्रत्येक पदाला एक चौकट, आणि प्रत्येक चौकटीतून वर जाणारी एक रेषा. ती रेषा जिथं पोचते तो त्या माणसाचा साहेब. शुक्रवारी संचालक मंडळाची सभा होती. तिथं तक्ता मंजूर झाला की ज्याला चौकट नाही तो अतिरिक्त ठरणार होता, आणि अतिरिक्त माणसाला तीन महिन्यांची नोटीस देऊन घरी पाठवायचं, असं आधीच ठरलं होतं.

"दोन गोष्टी लक्षात ठेवा," आवटी साहेब मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "एका चौकटीतून एकच रेषा वर जाईल. आणि माझ्यापर्यंत फक्त पाच रेषा येतील. आज सकाळपासून एकवीस माणसं माझ्या दारात उभी राहिलीत, मगदूम. त्यातला एक जण पंखा करकरतो म्हणून सांगायला आला होता."

"कोणत्या पाच, साहेब?"

"संकलन, प्रक्रिया, विक्री, हिशेब, आस्थापना." पाचव्या नावाशी ते जरा थांबले. "आस्थापनेला आता अधिकारी हवा. तुमचं काम मी बघतोय. तक्ता नीट करा."

म्हणजे ती पाचवी चौकट माझी होती. मी घरी जाऊन आईला सांगितलं, आईनं शेजारी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत मी अधिकारी झालेसुद्धा.

काम मात्र सोपं नव्हतं. तुमचे साहेब कोण, असं ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, चेअरमन. माळी म्हणाला, चेअरमन. कँटीनचा आचारी म्हणाला, थेट चेअरमन, मधे कोणी नाही, पोहे त्यांना माझ्याच हातचे लागतात. उलट संकलन प्रमुख नाईकवडी साहेबांनी मला साठ नावांची यादी काढून दिली आणि हे सगळे माझ्या हाताखाली आहेत म्हणून सांगितलं. त्या साठांपैकी एकानंही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. आणि आता अण्णांनी पत्रा दाखवला होता.

मी कचेरीत येऊन अण्णांची फाईल काढली. श्री. शिदगोंडा खोत. चौऱ्याहत्तर साली लागले, पद 'कॅन धुणारा'. ब्याऐंशी साली कॅन धुवायचं यंत्र आलं आणि रजिस्टरात ते पद लाल शाईनं रद्द झालं. अण्णांना हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. पगार 'इतर' या सदरात निघत राहिला आणि अण्णा डॉकवर उभे राहून झाकणं हुंगत राहिले. आधी कोणीतरी दोन दिवसांसाठी उभं केलं असेल, मग सगळे त्यांच्यावाचून अडायला लागले. फाईलमध्ये रजेचे अर्ज होते. प्रत्येकावर एकच कारण, वाकड्या अक्षरात: 'नाक बंद. सबब रजा मिळावी.' त्या दिवशी प्रयोगशाळेतले लोक एकेक कॅन तपासत बसायचे आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची. हा माणूस कांदा-लसूण खात नव्हता, तंबाखूला शिवत नव्हता, डॉकवरचं काम संपेपर्यंत चहासुद्धा घेत नव्हता. आणि कागदोपत्री तो पंधरा वर्षांपूर्वीच संपला होता.

त्यांच्या नोकरीची सात वर्षं उरली होती. अण्णांना चौकट द्यायचीच, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पदाचं नाव मीच शोधलं, 'श्रेणी परीक्षक'. रेषा कुठं न्यायची, याचा मी अर्धं मिनिटसुद्धा विचार केला नाही. डॉक संकलन विभागाचा, मग माणूसही संकलनाचा. रेषा सरळ नाईकवडी साहेबांकडे नेली आणि जेवायला गेले.

मंगळवारी दुपारी कच्चा तक्ता टाईप झाला. मी तो अण्णांना दाखवायला डॉकवर घेऊन गेले. गजरा आठवणीनं काढून गेले. अण्णांनी हात धुतले, पायजम्याला पुसले आणि कागद नुसता लांबून पाहिला.

"ह्यात मी कुठाय?"

"हे बघा. श्रेणी परीक्षक, श्री. शिदगोंडा खोत."

त्यांनी एकेक अक्षर ओठ हलवत वाचलं. "श्री. पन घातलंय व्हय?"

"सगळ्यांनाच घातलंय, अण्णा."

"सगळ्यास्नी घाला की. मला कदी कुणी घातलं न्हवतं." मग लाजत, "ह्याची एक कापी मिळंल काय? घरात दावतो."

मी कार्बन कॉपी दिली. अण्णांनी तिची बारीक घडी करून टोपीत ठेवली. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होऊन परत निघाले, आणि त्याच खुशीत दुसरी कॉपी नाईकवडी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

नाईकवडी साहेब तसे भारदस्त माणूस. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, चेअरमनच्या गाडीत पुढची सीट. त्यांनी तक्त्यावर बोट फिरवत फिरवत आणलं आणि शेवटच्या चौकटीवर टेकवलं. "साठ होती माझ्याकडं. हा एकसष्टावा राहिला होता," ते म्हणाले. "झकास काम केलंत, मॅडम." त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. तक्ता अजून मंजूर नाही, हे सांगायचं माझ्या मनात आलं होतं. पण कोणी कौतुक करत असताना मधे कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसले.

बुधवारी अकराच्या सुमारास सगळ्या आवारात आंबूस वास पसरला. तापवायच्या यंत्रात बारा हजार लिटर दूध नासलं होतं. नळ्यांमध्ये गुठळ्या अडकल्या होत्या आणि प्रक्रिया विभागाची माणसं तोंडाला रुमाल बांधून यंत्र खोलत होती. शहरात त्या दिवशी आमची एकही पिशवी गेली नाही. मला आवटी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नाईकवडी साहेब तिथं आधीच उभे होते.

"खोतांना कारणे दाखवा नोटीस तयार करा," आवटी साहेब म्हणाले. "श्रेणी परीक्षक ना ते? तुमच्याच तक्त्यात लिहिलंय. आंबट दूध आत गेलं याचा जाब त्यांनी द्यायचा."

"म्हाताऱ्याचं वय झालं, साहेब," नाईकवडी हळहळून म्हणाले. "नाक चालंना आता. माझ्या हाताखालचा माणूस म्हणून मलाच वाईट वाटतंय."

मी 'हो साहेब' म्हणून बाहेर पडले, पण टाईपरायटरकडे न जाता तडक डॉकवर गेले. गजरा काढायचं त्या दिवशी डोक्यातच आलं नाही, आणि अण्णाही काही म्हणाले नाहीत. ते उलट्या कॅनवर बसले होते. काठी भिंतीला टेकवलेली होती.

"अण्णा, वास आला नाही का तुम्हाला?"

"आला की. करंजेवाडीचा माल. आदल्या सांजचं दूध सकाळच्यात मिसळत्यात ती लोकं. चौदा कॅन हुतं. चौदाबी कॅनवर दोन-दोन ठोकं मारलं मी."

करंजेवाडी नाईकवडींचं गाव. तिथल्या सोसायटीचे सचिव त्यांचे सख्खे भाऊ. दर आठवड्याला तिथले कॅन परत जायचे आणि दर वेळी नाईकवडी डॉकवर येऊन आरडाओरडा करायचे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि पुढचं झाकण नाकाशी धरायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

"मग दूध आत कसं गेलं?"

"नाईकवडी साहेब आलं. खिशातनं तुमचा कागद काडला. म्हणालं, शिदू, हे बघ, ही रेघ कुठं येती? माझ्याकडं येती. आता मी सांगतोय, घे आत."

"आणि तुम्ही घेतलंत?"

"घेतलं," अण्णा म्हणाले. "आतापातूर माझ्या डोक्यावर कुणी न्हवतं, बाई. नाक सांगंल ते मी ऐकत हुतो. तुमी कागदावर घातलं. कागदावर जो वर आसतोय त्याचं ऐकाय पायजे न्हवं?"

मला रडू येत होतं आणि रडायचा मला काही हक्क नव्हता. माणूस अडकला होता तो माझ्या रेषेत. तेवीस वर्षं कोणाला न जुमानणारा माणूस मी चार इंचाच्या एका रेघेनं नाईकवडींच्या दावणीला बांधला होता. ज्याचं काम दूध आत आणायचं, त्याच्याच हाताखाली मी दूध अडवणारा माणूस दिला होता. एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती, आणि निघाले होते आस्थापना अधिकारी व्हायला.

अण्णांनी टोपी काढली, त्यातली घडी काढून माझ्यापुढे धरली. "ह्यो घ्या. माझं नाव खोडा ह्यातनं. पयल्यासारखं ऱ्हाऊ दे."

"खोडलं तर घरी जावं लागेल, अण्णा. ज्याला चौकट नाही त्याला नोटीस आहे."

"आनि खोडलं न्हाई तर?"

"तर नाईकवडी."

अण्णांनी भिंतीची काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. "मग घरीच जातो," ते म्हणाले. "रोज खोटा ठोका माराय जमायचं न्हाई मला."

"घरी जायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका चढला होता. "आणि खोटा ठोकाही मारायचा नाही. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. आणि तो कागद असू दे तुमच्याकडे."

नोटीस मी टाईप केली नाही. संध्याकाळी ड्रॉइंग शीट विकत आणलं, पट्टी आणली, आणि घरी जेवणाच्या पाटावर तक्ता पहिल्यापासून आखायला बसले. आईनं विचारलं, तुझी चौकट कुठली गं? मी म्हटलं, थांब, अजून आखायचीय.

गुरुवारी सकाळी मी आवटी साहेबांच्या दारात उभी होते. रांगेत माझ्यापुढे पंखावालाच होता.

"नोटीस?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"केली नाही, साहेब."

आता त्यांनी मान वर केली.

"श्रेणी परीक्षक हे पद उद्या मंजूर व्हायचंय," मी म्हणाले. "काल ते पद नव्हतंच. नसलेल्या पदाला जाब कसा विचारायचा? आणि ज्या तक्त्यावर अजून मंडळाची सही नाही, तो दाखवून डॉकवर हुकूम कोणी दिला, हे विचारायचं असेल तर ती नोटीस मी आत्ता टाईप करून आणते."

मग मी त्यांना चौदा कॅनची हकीकत सांगितली. माझी चूक आधी सांगितली आणि नाईकवडींची नंतर. साहेब पेन्सिल टेबलावर आपटत ऐकत राहिले. शेवटी मी नवा तक्ता उलगडला. त्यात एक नवी चौकट होती, 'गुणवत्ता'. प्रयोगशाळा आणि अण्णा तिच्या पोटात, आणि तिची रेषा कुठंही न थांबता थेट साहेबांकडे.

"कल्पना ठीक आहे," ते म्हणाले, "पण ही सहावी रेषा झाली. पाचच म्हणून मी बजावलं होतं. आज तुम्हाला एक दिली की उद्या माळी मागेल."

"पाचच आहेत, साहेब. मोजा."

त्यांनी पेन्सिलनं मोजल्या. संकलन, प्रक्रिया, विक्री, हिशेब, गुणवत्ता. पेन्सिल थांबली. "आस्थापना कुठं गेली?"

मी खाली बोट ठेवलं. संकलनाच्या चौकटीत आता 'संकलन व प्रशासन' असं लिहिलेलं होतं, आणि तिच्याखाली एक लहान चौकट लोंबत होती, 'आस्थापना लिपिक, कु. शालन मगदूम'.

साहेबांनी चष्मा काढला. "नाईकवडींच्या हाताखाली? हिशेबाकडे तरी जायचं होतं."

"तसं केलं तर नाईकवडी साहेब सभेत भांडतील. चेअरमनसाहेब त्यांचं ऐकतात. एकसष्टावा माणूस गेला म्हणून ते तक्ताच फेटाळायला लावतील. पण चौकटीचं नाव मोठं झालं तर अण्णा गेल्याचं त्यांच्या लक्षातही येणार नाही."

"आणि तुमचं अधिकारीपद? नाईकवडींच्या हाताखाली अधिकारी बसवता येणार नाही मला. ते गेलं मग."

"माहीत आहे, साहेब."

"पुन्हा कधी येईल ते सांगता यायचं नाही."

"तेही माहीत आहे."

मला वाटलं, आता समजावतील. पण त्यांनी तक्त्याच्या कोपऱ्यात सही केली आणि म्हणाले, "रेषा सरळ आखत जा. ही जरा तिरकी झालीय." कोणती ते मला बघायचं नव्हतं.

शुक्रवारी सभेत तो विषय पाच मिनिटांत संपला. 'संकलन व प्रशासन प्रमुख' ही अक्षरं वाचताना नाईकवडींनी सफारीची कॉलर सारखी केली आणि सूचक म्हणून सगळ्यांच्या आधी हात वर केला. चेअरमनसाहेबांनी एवढंच विचारलं, "हा श्रेणी परीक्षक म्हणजे आपला शिदूच ना, वास घेणारा?" आवटी साहेब हो म्हणाले आणि पुढचा विषय निघाला. घरी आईनं दोन दिवस अबोला धरला. गल्लीत काय सांगायचं, हा तिचा प्रश्न होता.

सोमवारी सकाळी मंजूर तक्ता भिंतींवर लावायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. नाईकवडी साहेबांच्या केबिनमध्ये मी स्वतःच्या हातानं डिंक लावून तो चिकटवला. मग धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

"आजपासून तुम्ही माझ्याकडं, मॅडम," खुर्चीत रेलून ते म्हणाले.

"हो साहेब."

"मग आता कागद आधी मला दाखवायचे. रजासुद्धा मी म्हणेन तेव्हा."

"हो साहेब."

त्यांनी अर्ज उचलला, आणि तेवढ्यात डॉकवरून आवाज आला. ठक, ठक. मग पुन्हा, ठक, ठक. नाईकवडी उठून खिडकीशी गेले. करंजेवाडीची गाडी लागलेली मला तिथूनही दिसत होती. ते तरातरा दाराकडे निघाले, आणि जाता जाता, सवयीनं म्हणा किंवा पुरावा हाताशी असावा म्हणून म्हणा, भिंतीवरच्या तक्त्यापाशी थांबले. त्यांनी अण्णांची चौकट शोधली. तिच्यावर बोट ठेवून रेषेवरून वर नेलं. बोट त्यांच्या चौकटीच्या बाजूनं निघून गेलं आणि थेट सगळ्यात वर जाऊन थांबलं. ते परत खाली आले, पुन्हा वर गेले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.

ते परत खुर्चीत येऊन बसले. माझा अर्ज त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "रजा मिळणार नाही."

मिळाली नाही. साखरपुडा माझ्याशिवाय झाला. पुढची नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि त्यांनी त्यातला एक दिवसही वाया घालवला नाही. पण त्या सकाळी मी केबिनबाहेर आले, गजरा काढून मुठीत धरला आणि डॉकच्या पायऱ्यांशी उभी राहून, आत ऐकलेल्या ठोक्यांच्या पुढे मोजत राहिले. करंजेवाडीचे कॅन त्या दिवशीही चौदाच होते. ठोके अठ्ठावीस झाले.